न जन्मलेल्या अपत्यांचा मुचलका

कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्या विवाहांविषयी धर्मपीठांनी शतकानुशतके जो खल केला, त्यात वधूवरांचा प्रश्न वरकरणीच होता. खरा तंटा होता तो त्यांच्या अद्याप न जन्मलेल्या अपत्यांवरील हक्काचा.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये, पॅरिशचा धर्मगुरू व दोन-तीन साक्षीदार यांच्यासमक्ष न लागलेले लग्न हे लग्नच नव्हे, असा दंडक घातला खरा. परंतु हुकूम ज्या पॅरिशमध्ये जाहीर होईल तेथेच तो लागू असल्यामुळे, एका गावी वैध असलेला विवाह शेजारच्या गावी रद्दबातल ठरावा, अशी विलक्षण अवस्था झाली. पुढे प्रशियाच्या राजाने १८२५ मध्ये, मुलांनी पित्याचाच धर्म घ्यावा, हे फर्मान ऱ्हाइनकाठच्या मुलुखालाही लागू केले. आणि मुलांच्या कॅथलिक संगोपनाची हमी मिळाल्यावाचून विवाहास आशीर्वाद न देण्याचा आग्रह धरणाऱ्या कोलोनच्या आर्चबिशपांना १८३७ मध्ये कैद करून मिंडेनला ठेवले. सरकार आणि चर्च हाडवैरी असले, तरी पाळण्यावर दावा सांगण्यात दोघांचे एकमत होते.

१९१७ च्या धर्मसंहितेने ही हमी प्रॉटेस्टंट जोडीदाराकडूनही, बहुधा लेखी, घेण्याचा नियम केला. त्याचे पर्यवसान १९५७ मध्ये आयर्लंडच्या फेथर्ड-ऑन-सी या गावी दिसले. तेथील एका कॅथलिक-प्रॉटेस्टंट दांपत्याच्या थोरल्या मुलीला कॅथलिक शाळेतच घातले पाहिजे, असा तगादा लागताच प्रॉटेस्टंट आई दोन्ही मुलींना घेऊन निघून गेली, आणि गावातील कॅथलिकांनी प्रॉटेस्टंटांच्या दुकानांची पायरी चढणे सोडले. संगीत शिकवणाऱ्या बाईंकडील शिष्यही फिरकेनासे झाले. स्वतः कॅथलिक असलेल्या पंतप्रधान डी व्हॅलेरा यांनी संसदेत या बहिष्काराचा निषेध केला.

श्रद्धावंताला आपला धर्म मुलांच्या हाती द्यावासा वाटणे स्वाभाविक आहे, हे मी नाकारीत नाही. पण ज्याची त्या धर्मावर श्रद्धा नाही त्याच्याकडून लिहून घेतलेला कागद हा कचेरीतील मुचलका होय, त्याने भक्ती वारसाने जात नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये दुसऱ्या पक्षाला या वचनातून मुक्त केले आणि कॅथलिक जोडीदाराने शक्य ते सर्व करावे, एवढेच मागितले; ही सवलत नव्हे, चुकीची दुरुस्ती होती.

फेथर्डच्या त्या दांपत्याने मात्र, पुन्हा एकत्र आल्यावर, मुलींना दोन्ही शाळांपासून दूर ठेवून घरीच शिकविले. ज्यांचा संसार होता त्यांना तोड सापडली. संहितेला त्यानंतर एक तप लागले.