गोळी मिळते, माहिती मिळत नाही

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा एक अशासकीय ठराव आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या दिवशी सभागृहात नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी केले. ठरावात सरकारकडे दोन मागण्या होत्या. संततिनियमनाचा जनतेत जोरदार प्रचार करावा, ही एक. आणि त्यासाठी पुरेशा सोयी पुरवाव्यात, ही दुसरी. ठराव फेटाळला गेला. त्याआधी चारच वर्षे, १९३४ मध्ये, ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा र. धों. कर्वे यांची बाजू न्यायालयात बाबासाहेबांनीच मांडली होती. तोही खटला हरला. सनातन्यांना आणि सरकारला तेव्हा या विषयाचा उच्चारही सहन होत नव्हता.

आज बाबासाहेबांची दुसरी मागणी बऱ्याच अंशी पूर्ण झालेली दिसते. सरकारी दवाखान्यात ‘माला-एन’ फुकट मिळते, ‘माला-डी’ स्वस्तात मिळते, आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीने ही साधने घरपोच देण्याची योजना आली. सोय झाली. पण पहिल्या मागणीचे काय? प्रचार म्हणजे भिंतीवर रंगवलेली घोषणा नव्हे. प्रचार म्हणजे माहिती. गोळी कोणी घ्यावी, कोणी मुळीच घेऊ नये, चुकली तर काय करावे, कोणते लक्षण दिसताच दवाखाना गाठावा, हे आमच्या किती भगिनींना कोणी बसून समजावून सांगितले आहे? वस्तीतल्या महिला मंडळात हा प्रश्न विचारून पाहावा. मैत्रिणीने दिली, मेडिकलवाल्याने दिली, सुरू केली, अशीच उत्तरे बहुतेक येतील.

म्हणून थोडे तपशिलात जातो. माला गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडायोल ०.०३ मिलिग्रॅम अशी दोन संप्रेरके असतात. त्यामुळे बीजकोषातून बीज बाहेर पडत नाही. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते, आणि २८ वी गोळी संपली की दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करायचे असते. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरुवात केली तर लगेच भरवसा धरता येतो. नंतर केली तर पहिले सात दिवस निरोधही वापरावा. रोज ठरावीक वेळी घेतली तर वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. पण प्रत्यक्षात विसर पडतो, आणि मग हे प्रमाण शंभरात सात ते नऊपर्यंत जाते. एक गोळी चुकली तर आठवताच घ्यावी आणि पुढच्या नेहमीप्रमाणे चालू ठेवाव्यात. दोन किंवा अधिक चुकल्या तर शेवटची चुकलेली घ्यावी, सात दिवस निरोध वापरावा, आणि हे तिसऱ्या आठवड्यात घडले असेल तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवे पाकीट उघडावे. जोराच्या उलट्या-जुलाब झाल्या तरी गोळी चुकल्यासारखेच समजावे.

आता धोका. इस्ट्रोजेनमुळे रक्तात गाठ होण्याची शक्यता वाढते. पायात झालेली अशी गाठ फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेचा अंदाज असा आहे की गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला सुमारे दोघींना अशी गाठ होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना, तर डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पायरेनोन असलेली गोळी घेणाऱ्यांत नऊ ते बारा जणींना. म्हणजे खाजगी दवाखान्यात मुरमांसाठी, ‘पीसीओडी’साठी लिहून दिली जाणारी महागडी गोळी सरकारी गोळीपेक्षा सुरक्षितच असते असे नाही. महाग ते चांगले, हा भ्रम आमच्या शिकलेल्या मध्यमवर्गात विशेष आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर गाठीचा धोका गोळीपेक्षाही अधिक असतो, हेही सांगितले पाहिजे. निरोगी तरुण स्त्रीसाठी ही गोळी सुरक्षितच म्हणावी लागते. तिने वंध्यत्व येत नाही. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका तर ती कमी करते. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका घेत असताना किंचित वाढतो आणि बंद केल्यावर ओसरतो. अफवा पसरवून गोळी बंद पाडणाऱ्यांच्या रांगेत आम्ही नाही.

प्रश्न आहे तो न विचारता देण्याचा. रक्तदाब जास्त असलेल्या, पस्तिशी ओलांडून विडी-सिगारेट ओढणाऱ्या, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणाऱ्या, पूर्वी गाठ, हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या, यकृताचा गंभीर आजार किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रीने ही गोळी घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईने सहा आठवड्यांच्या आत तर मुळीच नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो दुसरे साधन निवडावे. वैद्यकीय निकष विडी-सिगारेटबद्दल बोलतात. आमच्या बाया मिश्री लावतात, तंबाखू खातात आणि कोणी विचारले तर लाजून नाही म्हणतात. ते डॉक्टरला सांगावे, त्यात लाज कसली?

आणि दोन गोष्टी अशा आहेत की ज्या आमच्या समाजाला थेट लागू होतात. पहिली सिकलसेलची. विदर्भात आदिवासींबरोबर बौद्ध समाजातही हा रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आहे, हे आता कोणाला सांगण्याची गरज नाही. ज्या घरात ‘एसएस’ रुग्ण आहे त्या घराने रात्री-बेरात्री वेदनांनी तळमळणारे मूल पाहिलेले असते. या आजारात रक्तात गाठ होण्याची प्रवृत्ती मुळातच असते, त्यावर इस्ट्रोजेनची भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या निकषांत सिकलसेल असलेल्या स्त्रीला ही गोळी सर्वसाधारणपणे चालेल असे म्हटले होते. अमेरिकेच्या ‘सीडीसी’ने मात्र २०२४ च्या निकषांत ती देऊ नये असे ठरवले. तज्ज्ञांत असा मतभेद असताना आशाताईने पाकीट हातावर ठेवण्याआधी “सिकलसेलची तपासणी झाली आहे का?” एवढे तरी विचारू नये काय? केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तपासणी होते, कार्ड मिळते. त्या कार्डाचा आणि कुटुंब नियोजनाच्या वहीचा एकमेकांशी संबंध जोडला गेला पाहिजे. ‘एएस’ वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, तरीही तिने डॉक्टरला सांगूनच ठरवावे. ‘एसएस’ भगिनीने इस्ट्रोजेन नसलेले साधन मागावे. तांबी, ‘छाया’ गोळी, ‘अंतरा’ इंजेक्शन हे पर्याय सरकारी दवाखान्यात आहेत. त्यांतला तिला कोणता मानवेल, हे डॉक्टरने तपासून सांगावे.

दुसरी गोष्ट क्षयरोगाची. दाटीच्या वस्त्यांत, खाणीत, बांधकामावर टीबी आमच्याच माणसांना गाठतो. त्यावरच्या उपचारातले रिफाम्पिसिन हे औषध गोळीचा परिणाम कमी करते. फिटच्या काही औषधांचेही तसेच. बाई रोज नियमाने गोळी घेते, तरी दिवस जातात, आणि दोष तिच्या विसराळूपणाला दिला जातो. टीबीचा डॉक्टर गोळीबद्दल विचारत नाही, गोळी देणारी टीबीबद्दल विचारत नाही.

गोळी घेणारीच्या एका पायात सूज आणि कळ, छातीत दुखणे किंवा धाप, कधी नव्हे असे डोके दुखणे, दिसायला अंधुक होणे, बोलताना जीभ अडखळणे, पोटात असह्य कळ, यांपैकी काही झाले तर गोळी बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि “मी ही गोळी घेते” हे आपणहून सांगावे. पहिल्या वर्षात धोका अधिक असतो. सुरुवातीची मळमळ, मधले डाग, स्तन दुखणे हे मात्र बहुधा तीन महिन्यांत थांबते, त्याला घाबरून गोळी सोडू नये. लग्नकार्यात पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्या बहुधा वेगळ्या असतात, आणि त्याही न विचारता घ्यायच्या नसतात. (बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पाळीचा विटाळ कशासाठी पाळला जातो, हा प्रश्न आहेच.)

माहिती देणे हा कोणाचा उपकार नाही. १९५६ मध्ये पोर्टो रिकोतील गरीब स्त्रियांवर या गोळीचे पहिले मोठे प्रयोग झाले. आपण प्रयोगात आहोत हे त्यांना सांगितलेही नव्हते, आणि त्या गोळीतील संप्रेरके आजच्या कित्येक पट होती. १९७० मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये सुनावणी चालू असताना स्त्रिया उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी जाब विचारला, तेव्हा कुठे पाकिटासोबत धोक्याची माहिती देणारा कागद आला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही संमतीच नव्हे, असे स्पष्ट केले. २००९ च्या सुचिता श्रीवास्तव प्रकरणात मूल व्हावे की नको हा स्त्रीचा निर्णय कलम २१ च्या व्यक्तिस्वातंत्र्यात बसवला. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरांनंतर डझनावर स्त्रिया मेल्या, आणि २०१६ च्या देविका बिस्वास निकालात न्यायालयाने असली शिबिरे बंद करण्यास सांगितले. हे निकाल आमच्या वकील मित्रांच्या कपाटात आहेत, वस्तीत नाहीत.

आकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली होती, गोळी घेणाऱ्या ५.१ टक्के होत्या, आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. शस्त्र बाईवर, गोळी बाईला, धोका बाईला. पुरुषाची शस्त्रक्रिया तुलनेने लहान आणि कमी जोखमीची, तरी तिथे मर्दानगी आडवी येते. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी फार मुले होऊ देणे हा गुन्हा आहे असे बजावले होते. तो गुन्हा एकट्या बाईचा नाही, हे आमच्या कार्यकर्त्यांनी आधी स्वतःच्या घरात मान्य करावे.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे. पाकीट देण्याआधी रक्तदाब मोजावा. सिकलसेल, टीबी, तंबाखू, बाळाचे वय आणि अर्धशिशी यांविषयीचे पाच प्रश्न विचारून वहीत उत्तर लिहावे. मोठ्या अक्षरांतला मराठी कागद द्यावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो वाचून दाखवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. महिला मंडळांनी हे लेखी निवेदन देऊन पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. आणि तोवर रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास, एक रक्तदाबाचे यंत्र आणि एक परिचारिका भगिनी, एवढे तर आमच्याच हातात आहे. आमच्या समाजात परिचारिका काही कमी नाहीत.