पुरलेल्या गाळाचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी केरसुणी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहण्याची प्रथा महाराष्ट्रात अजून टिकून आहे, आणि संपत्तीची पूजा करताना तिच्या मागे उरणारा केर काढणाऱ्या साधनालाही मान द्यावा, एवढा सुज्ञपणा त्या प्रथेत आहे. उद्योगांतून येणाऱ्या संपत्तीच्या वाट्याला हा सुज्ञपणा क्वचितच येतो. खनिज तेलाच्या उत्पादनाचे आकडे अर्थसंकल्पाच्या भाषणात आणि वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकतात. त्याच विहिरींतून वर आलेला चिखल, दगडाचा चुरा, तेलकट गाळ आणि खारे पाणी यांचा हिशेब कोणत्या दप्तरात लिहिला जातो, याची चौकशी फारशी होत नाही. राजस्थानापुरते बोलायचे तर ते दप्तर जयपूरच्या आग्नेयेस, झालाना येथे आहे.

पर्यटकांना झालाना ठाऊक आहे ते अरवलीच्या टेकड्यांतल्या बिबट्यांमुळे. त्या जंगलाला लागूनच झालाना डुंगरीची संस्थात्मक वसाहत आहे, जिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या पश्चिम विभागाचे कार्यालय आहे, आणि तिथेच राजस्थान राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुख्यालयही आहे. जमिनीखालचे खडक अभ्यासणारी, त्या खडकांतले पाणी मोजणारी आणि जमिनीवर टाकल्या जाणाऱ्या त्याज्य पदार्थांवर लक्ष ठेवणारी अशी ही तीन कार्यालये एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असावीत, हा योगायोग खरा. पण या संपादकीयाचा विषय तिघांच्याही कक्षेत येतो, आणि म्हणूनच तो कोणा एकाच्या कक्षेत पुरता मावत नाही.

या विषयाचे केंद्र झालान्यापासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला, बाडमेरच्या वाळवंटात आहे. तेथे २००४ च्या जानेवारीत ‘मंगला’ हे तेलक्षेत्र सापडले आणि २९ ऑगस्ट २००९ रोजी त्यातून उत्पादन सुरू झाले. हे तेल मेणयुक्त असून सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या खाली ते थिजू लागते, त्यामुळे नागाणा येथील प्रक्रिया केंद्रापासून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत ते ज्या नळातून नेले जाते तो वाटभर तापता ठेवावा लागतो. या अभियांत्रिकीचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तही आहे. मात्र विहीर खोदताना तेलाच्या आधी वर येतो तो चिखल, आणि त्याची गोष्ट कमी सांगितली गेली आहे.

तेलविहीर खोदताना नळाच्या टोकाला असलेले पाते खडक फोडत खाली जाते, आणि त्याच नळातून एक दाट द्रव सतत आत सोडला जातो, ज्याला या धंद्यात ‘मड’ म्हणतात. पाणी, बेंटोनाइट नावाची फुगणारी माती, वजन वाढवण्यासाठी बॅराइट हे जड खनिज आणि काही रसायने यांचे हे मिश्रण पात्याला थंड ठेवते, फुटलेल्या खडकाचा चुरा वर आणते, विहिरीच्या भिंतीवर पातळ लेप चढवून ती ढासळू देत नाही, आणि खालच्या वायूचा व तेलाचा दाब आपल्या वजनाने रोखून धरते. वर आलेले मिश्रण थरथरत्या चाळण्यांवरून आणि पुढे वेगाने फिरणाऱ्या यंत्रांतून जाते, मड पुन्हा वापरला जातो, आणि ‘कटिंग्ज’ म्हणून ओळखला जाणारा चुरा बाजूला पडतो. खडक पाणी लागताच फुगणारा असेल, तर पाण्याऐवजी तेलाचा किंवा कृत्रिम द्रवाचा आधार घेतलेला मड वापरावा लागतो, आणि तेव्हा त्या चुऱ्याचे स्वरूपच बदलते, कारण त्याच्या प्रत्येक कणाला तेल चिकटलेले असते.

केंद्र सरकारने ३० ऑगस्ट २००५ च्या अधिसूचनेने या पदार्थांच्या विल्हेवाटीचे नियम घालून दिले. डिझेलवर आधारलेल्या मडला बंदी करण्यात आली. बॅराइटमध्ये निसर्गतःच मिसळलेल्या पाऱ्याचे प्रमाण किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आणि कॅडमियमचे तीन मिलिग्रॅमच्या आत असावे, अशी मर्यादा ठरली. आणि जमिनीवरच्या विहिरींचा चुरा अभेद्य अस्तर घातलेल्या खड्ड्यात टाकून, खड्डा भरल्यावर त्यावर पुन्हा अस्तर व मूळच्या मातीचा जाड थर द्यावा, असे सांगितले गेले. समुद्रातल्या विहिरींना, म्हणजे १९७४ मध्ये तेल सापडलेल्या मुंबई हायसारख्या क्षेत्रांना, पाण्यावर आधारलेल्या मडचा धुतलेला चुरा काही अटींवर समुद्रातच सोडण्याची मुभा मिळाली. पुढे २०१६ च्या घातक कचरा नियमांनी तेल असलेला मड, तेलकट गाळ आणि कटिंग्ज यांना घातक कचऱ्याच्या यादीत घातले, पण पाण्यावर आधारलेल्या मडपासून आलेल्या कटिंग्ज त्या यादीतून वगळल्या. शास्त्राच्या कसोटीवर हा भेद योग्यच आहे, तरीही वाळवंटातल्या खड्ड्याकडे पाहून आतला चुरा कोणत्या मडचा, हे कोणालाही सांगता येत नाही. ते फक्त त्या दिवशी रिगवर लिहिल्या गेलेल्या नोंदीवरून कळते. म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचा पाया अस्तराइतकाच कागदावर उभा आहे, आणि कागदाला कमी लेखण्याची सवय असलेल्या देशात ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवण्यासारखी आहे.

घातक ठरलेला कचरा कारखान्यात साधारणपणे ९० दिवसांपलीकडे साठवता येत नाही. तो परवानाधारक वाहनातून सामायिक प्रक्रिया केंद्राकडे जातो, आणि त्याच्याबरोबर सात रंगीत प्रतींचे एक पत्रक प्रवास करते, ज्यातली पांढरी प्रत राज्याच्या मंडळाकडे जाते, पिवळी पाठवणाऱ्याकडे राहते आणि उरलेल्या वाहतूकदार, स्वीकारणारा व पुन्हा मंडळ यांच्यात फिरतात. राजस्थानात उदयपूरजवळ गुडली येथे असे केंद्र आहे; महाराष्ट्रात तळोजा आणि रांजणगाव ही नावे परिचित आहेत. तिथे जळण्याजोगा कचरा उच्च तापमानाला जाळला जातो, आणि विद्राव्य धातू असलेला गाळ सिमेंट, चुना किंवा राखेत कालवून घट्ट केला जातो, जेणेकरून पावसाचे पाणी त्यातून झिरपले तरी धातू सहज सुटणार नाहीत. मग तो चिकणमाती आणि प्लॅस्टिक यांच्या दुहेरी अस्तरावर पुरला जातो. अस्तरावर झिरपा गोळा करणाऱ्या नळ्या असतात आणि भोवती भूजल तपासण्यासाठी विहिरी खोदलेल्या असतात. २०१६ च्या नियमांनी पुरणे हा शेवटचा पर्याय मानला आहे. त्याआधी कचरा टाळणे, कमी करणे, पुन्हा वापरणे आणि सिमेंटच्या भट्टीत इंधन किंवा कच्चा माल म्हणून वापरणे यांचा क्रम लागतो, आणि सिमेंटचे एवढे कारखाने असलेल्या राजस्थानात या पर्यायाला मोठा वाव आहे. टाक्यांच्या तळाशी बसलेल्या तेलकट गाळासाठी तेल पचवणारे जिवाणू वापरण्याची ‘ऑइलझॅपर’ ही पद्धत दिल्लीच्या टेरी या संस्थेने विकसित केली असून ती भारतीय तेलक्षेत्रांत वापरली गेली आहे. जिवाणूंना वेळ लागतो, ओलावा आणि हवा लागते, आणि गाळ अधूनमधून नांगरावा लागतो. भट्टीपेक्षा हा मार्ग संथ आहे, पण जमीन शेवटी जमीनच राहते.

पाण्याचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. तेलक्षेत्र जसजसे म्हातारे होते तसतसा तेलाबरोबर येणाऱ्या खाऱ्या पाण्याचा वाटा वाढत जातो. ते स्वच्छ करून पुन्हा त्याच भूस्तरात दाबण्याची पद्धत बाडमेरमध्ये आहे, आणि ती दोन्ही अंगांनी शहाणपणाची आहे, कारण त्यामुळे खालचा दाब टिकतो आणि खारे पाणी वाळवंटात मोकळे सुटत नाही. उरलेले तेल पुढे ढकलण्यासाठी खाली सोडल्या जाणाऱ्या पाण्यात आता दाटपणा आणणारे पॉलिमर मिसळले जाते. तेच पॉलिमर वर परतलेल्या पाण्यातून तेल वेगळे करणे कठीण करते. उत्पादन वाढवणाऱ्या प्रत्येक युक्तीबरोबर कचऱ्याचा एक नवा प्रकार जन्माला येतो, हे या धंद्यातले कोणीही नाकारणार नाही.

राजस्थानाला या विषयाचा धडा मात्र तेलाने दिलेला नाही. तो रंगाने दिला. उदयपूर जिल्ह्यातल्या बिछडी या गावी १९८८ च्या सुमारास सिल्व्हर केमिकल्स आणि ज्योती केमिकल्स या कारखान्यांनी एच-आम्ल नावाचे, कापडाच्या रंगांसाठी लागणारे रसायन बनवले. सुमारे ३७५ टन उत्पादनामागे सुमारे २,४४० टन गाळ निघाला, म्हणजे विकण्याजोग्या मालाच्या सहापटींहून अधिक. उत्पादन थोड्याच काळात थांबले. गाळ उरला, त्यातला काही उघड्यावर पसरला गेला आणि काही मातीआड झाकला गेला, आणि पावसाचे पाणी त्यातून झिरपून आसपासच्या जवळजवळ साठ विहिरींचे पाणी तांबूस-काळे झाले. सर्वोच्च न्यायालयापुढे हे प्रकरण चालले तेव्हा हानीचा अभ्यास नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, केला. १३ फेब्रुवारी १९९६ च्या निकालाने ‘प्रदूषण करणारानेच भरपाई द्यावी’ हे तत्त्व भारतीय कायद्यात घट्ट रोवले. विधी महाविद्यालयांत हा निकाल आजही शिकवला जातो. तिथे क्वचित सांगितले जाते ते पुढचे: दुरुस्तीसाठी ठरलेली ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपयांची रक्कम वसूल करण्यासाठी न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला, आणि तो ४ नोव्हेंबर १९९७ पासूनच्या बारा टक्के चक्रवाढ व्याजासह द्यावा लागला. एवढ्या काळात ज्यांच्या विहिरी गेल्या त्यांच्या मुलांची लग्ने होऊन गेली असतील.

हाच प्रश्न जयपूरच्या सांगानेरमधल्या छपाईच्या सांडपाण्यात, पालीच्या बांडी नदीत, तळोज्याच्या कासाडी नदीत आणि २०२० च्या फेब्रुवारीत गुलाबी झालेल्या डोंबिवलीच्या रस्त्यावर वेगवेगळ्या रूपांत दिसतो, म्हणून मराठी वाचकाने तो मरुभूमीचा म्हणून बाजूला सारू नये.

तंत्र अपुरे आहे अशी तक्रार आता करता येणार नाही. खरी अडचण काळाची आहे. बाडमेरच्या तेलक्षेत्राचा करार १९९५ मध्ये २५ वर्षांसाठी झाला, आणि नंतर तो दहा वर्षांनी वाढून २०३० पर्यंत आला. पुरलेल्या घातक कचऱ्याची देखभाल मात्र केंद्र बंद झाल्यावर सुमारे ३० वर्षे करावी, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मार्गदर्शन आहे, आणि जड धातूंना तर ३० वर्षांची मुदतही ठाऊक नाही. तेल काढणाऱ्यांनी विहिरी बुजवण्यासाठी पैसे बाजूला ठेवावेत, यासाठी १९९९ पासून स्थळ पुनर्स्थापना निधीची योजना आहे, आणि जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आले, ज्यांनुसार जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा आहे. हे पाऊल उशिराचे असले तरी योग्य दिशेचे आहे. तरीही संशयित जागा शोधायच्या तर त्या आधी कोठेतरी लिहिलेल्या असाव्या लागतात, आणि रिगवरच्या नोंदी कंपनीबरोबर जातात, तर मंडळाच्या फायली मंडळातच राहतात.

गावाला कायम उपलब्ध असणारी नोंदवही एकच आहे, आणि ती महसुलाची आहे. महाराष्ट्रात सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा बोजा, कूळ, वहिवाटीचा रस्ता यांची नोंद होते, आणि जमीन विकत घेणारा पहिल्यांदा तोच रकाना वाचतो. राजस्थानात तलाठ्याचे काम पटवारी करतो आणि सातबाऱ्याच्या जागी जमाबंदी असते. अस्तर घालून बुजवलेला प्रत्येक खड्डा, त्यातल्या मडचा प्रकार, बुजवल्याचे वर्ष आणि भोवतालच्या तपासणी विहिरींचे क्रमांक त्या गटाच्या उताऱ्यावर चढवले, तर विहीर खणायला निघालेल्या शेतकऱ्याला झालान्याला हेलपाटा घालावा लागणार नाही. यासाठी नवे मंडळ लागत नाही आणि मोठा खर्चही नाही. पर्यावरण आणि महसूल ही दोन खाती एका आदेशावर यावी लागतात, आणि बाडमेरच्या कराराची मुदत संपायला आता फार वर्षे उरलेली नाहीत.