जीपचा जीर्णोद्धार

गावोगावच्या जुन्या देवळांचे गेल्या काही दशकांत काय झाले ते आपण सारेच पाहत आलो आहोत. काळ्या पाषाणाच्या भिंतींवर ऑइलपेंटचे थर चढले, गाभाऱ्यात न्हाणीघराला शोभाव्यात अशा फरश्या आल्या, लाकडी सभामंडप जाऊन सिमेंटचे खांब उभे राहिले आणि दाराशी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लागली. या सगळ्या प्रकाराला आपण 'जीर्णोद्धार' म्हणतो. वास्तविक जे जीर्ण झाले त्याला सावरून उभे करणे हा त्या शब्दाचा अर्थ. प्रत्यक्षात जीर्ण होते ते तसेच खाली कुजत राहते आणि वरून नवे दिसू लागते. हा शब्द अलीकडे आम्हांला एका अगदी वेगळ्या संदर्भात वारंवार आठवतो. तो संदर्भ म्हणजे डोंगरवाटांवर नेण्यासाठी 'मॉडिफाय' केल्या जाणाऱ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचा.

आम्ही चौघे मित्र मिळून एक जुनी महिंद्रा एमएम ५४० बाळगून आहोत. सातारा जिल्ह्यातल्या एका बागायतदाराकडून ती आमच्याकडे आली. तेव्हा तिला फळीचे बाक होते आणि मागच्या पाट्यांत ओझ्यासाठी एक पाटा वाढवलेला होता. पुढे जे लिहिले आहे त्यातले पुष्कळसे आम्ही स्वतःच्या चुकांमधून शिकलो आहोत, हे आधीच कबूल केलेले बरे.

या गाडीची वंशावळ वाचकांना ठाऊक असेलच. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. ८० इंचांचा व्हीलबेस, पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल, चारही चाकांवर पाटे, आणि रस्त्याच्या कडेला साध्या हत्यारांनी उघडता येईल अशी रचना. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने विलीजच्याच जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी या प्रकाराने अनेक दशके मुक्काम ठोकला, आणि ऐंशीच्या दशकात प्यूजोचे डिझेल इंजिन घेऊन एमएम ५४० आली. त्याच दशकात, १९८५ साली, मारुतीने जिप्सी आणली. तिचा आवाज आणि स्वभाव वेगळा असला तरी हाडे तीच होती: सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. आज डोंगरात दिसणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्या या दोन घराण्यांतल्या आहेत.

या गाड्यांत फेरफार करणे हे काही आजचे खूळ नव्हे. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात वडापच्या जीपमध्ये जे फेरफार झाले त्यांची गणती नाही. माणसे जास्त बसावीत म्हणून मागचा भाग वाढवला गेला, पाटे वाढवले गेले, इंजिन थकले की मिळेल ते दुसरे बसवले गेले. हरियाणातल्या मंडी डबवालीला तर लष्कराच्या निकाली मालातून उघड्या जीप उभारण्याचा एक व्यवसायच वाढला. त्यातले सगळेच काही सुरक्षित होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या प्रत्येक बदलामागे गरज होती, आणि बदल फसला तर दुसऱ्या दिवशीचा धंदा बुडत असे. मिस्त्रीला आपल्या कामाची परीक्षा चोवीस तासांत द्यावी लागे. आज जे बदल होतात त्यांची परीक्षा पुष्कळदा छायाचित्रातच संपते, हे आमचे मुख्य दुखणे आहे.

या बदलांत पहिला मान उंचीचा. जुन्या जीपमध्ये आणि जिप्सीतही पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. ते अ‍ॅक्सलच्या वर आणले की गाडी चार-पाच इंच सहज उचलली जाते. काम स्वस्त, आणि गाडी एका दिवसात ऐटदार दिसू लागते. पण त्यानंतर काय होते? प्रोपेलर शाफ्टचा कोन तिरपा होतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. स्टिअरिंगचा दांडा उतरता होतो, त्यामुळे खड्ड्यात चाक वर गेले की गाडी आपोआप वळू पाहते. ब्रेकचे रबरी पाइप अपुरे पडतात. जोर लावला की अ‍ॅक्सल पाट्यांना पीळ घालू लागतो. गाडीचा भार वर सरकतो, म्हणजे ज्या आडव्या उतारावर ती पूर्वी तरून जात होती तिथे आता ती कलंडू शकते. आणि हे सारे करूनही जमिनीला सर्वांत जवळचा असलेला डिफरेन्शियलचा गोळा पूर्वी जिथे होता तिथेच राहतो. तो उचलायचा तर टायरच मोठे हवेत. २८ इंचांच्या जागी ३१ इंचांचे टायर घातले तर व्यास तीन इंच वाढतो, पण अ‍ॅक्सल वर येतो तो दीडच इंच. त्या दीड इंचासाठी गिअरिंग सुमारे एक दशांशाने लांबते, चढावर इंजिन धापा टाकते, ब्रेकला अधिक झुंजावे लागते आणि स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो.

आम्हीही पाटे वर घेतले होते. काम करून देणाऱ्या गॅरेजने पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन तपासला नाही, आणि आम्ही तो विचारला नाही. पहिल्याच घाटात एका खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग असे थरथरू लागले की हात धरवेना. गाडी थांबली ती कठड्यापासून हातभर अंतरावर. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींनी पुढची चाके जॅकवर घेतली, दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि म्हणाले, "गुडघं गेल्यात गाडीचं, आन् तुमी तिला उंच टाचंचं बूट घातलंय." किंगपिनची बेअरिंगे झिजलेली होती. ती आमच्याकडे गाडी आली तेव्हाच झिजलेली होती. उंचीने तो दोष निर्माण केला नव्हता, नुसता उघड केला होता. त्या उंचीवर आम्ही जेवढा खर्च केला त्याचा थोडासा अंश त्या बेअरिंगांवर केला असता तर तो प्रसंग आला नसता. सांगायचा मुद्दा असा, की बदल हा निरोगी गाडीत करायचा असतो आणि जुनी गाडी निरोगी आहे हे गृहीत धरता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, की देखभाल ही रस्त्यावरच्या गाडीची गोष्ट झाली, डोंगरात ताकद लागते. आमचा अनुभव याच्या उलट आहे. साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत लटकले की ते फिरवायला जो नगण्य जोर लागतो तेवढाच जमिनीवरच्या चाकालाही मिळतो आणि गाडी अडते. तेव्हा चारही चाके जमिनीला लागून राहणे ही खरी ताकद. ती पाट्यांच्या लवचिकपणावर अवलंबून असते, आणि गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे लवत नाहीत. आम्ही आमचे पाटे उतरवून सुटे केले, घासले, ग्रीस लावून पुन्हा बांधले, शॅकलचे बुश बदलले, आणि पूर्वी अडत होती तो ओढा तीच गाडी मूळच्या उंचीवर चढून गेली. कच्च्या वाटेवर टायरमधली हवा १५ ते १८ पौंडांपर्यंत उतरवली की पकड किती वाढते हेही तिथेच कळले. मात्र टायर ट्यूबचा असेल तर यापेक्षा खाली जाऊ नये, वॉल्व्ह उपटून येतो. आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. याउलट काही जण डिफरेन्शियलचे दाते वेल्डिंग करून कायमचे एक करून टाकतात. चिखलात त्याचा उपयोग होतो, नाही असे नाही. पण दोन्ही चाके एकाच वेगाने फिरायला बांधली गेल्यावर वळणावर टायर घासतात, अ‍ॅक्सलचे शाफ्ट तुटतात आणि पावसाळी घाटात गाडीची शेपटी सरकते. शिवाय केलेले वेल्डिंग परत फिरवता येत नाही.

याचा अर्थ सर्व बदल त्याज्य आहेत असा नाही. ओढा ओलांडताना तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. चार दिवसांनी ऑइल चहासारखे दिसू लागते. यावर उपाय म्हणजे अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला नळी जोडून तिचे तोंड बॉनेटखाली उंचावर नेणे. खर्च किरकोळ, आणि उद्या नळी काढली तर गाडी जशीच्या तशी. पुढे-मागे चासीला पक्के बांधलेले हूक हवेत. अडकलेली गाडी ओढताना पट्टा ट्रेलरच्या गोळ्याला कधीही अडकवू नये. तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो आणि अशा अपघातांत माणसे गेली आहेत. उघड्या जीपला चांगला रोलकेज आणि पट्टे हवेत. या बदलांचे छायाचित्र कोणी काढत नाही, पण माणसे आणि गाडी दोघेही घरी परततात.

कायद्याची दृष्टी या बाबतीत आम्हांला अपुरी वाटते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही कडक झाली. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद दिली, परंतु त्यांनी मूळ रूपात राहावे आणि रोजच्या वापरात येऊ नये अशी अट घातली. म्हणजे जुन्या गाडीला एकीकडे संग्रहालय, दुसरीकडे भंगार. मध्ये जी राबती, दुरुस्त होत राहिलेली गाडी आहे तिला पंधरा वर्षांनंतर तपासणी आणि नूतनीकरण एवढेच मिळते. त्या तपासणीत जाणत्या अभियंत्याने रोलकेज मंजूर करावा आणि वेल्डिंग केलेला डिफरेन्शियल नाकारावा, अशी तरतूद हवी. सरसकट बंदीने धोकादायक बदल थांबलेले नाहीत. ते चोरून होतात, आणि चोरून झालेल्या कामाला कोणी जबाबदार नसतो.

आणखी एक ऋण राहते, ते जमिनीचे. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या सड्यांवर मातीचा थर कित्येकदा बोटभरच असतो, आणि पावसाळ्यात त्याच थरावर सारी वनस्पतिसृष्टी उभी राहते. फिरत्या चाकाने तो एकदा खरवडला की खाली नुसता कातळ उरतो. रुळलेली वाट सोडायची नाही आणि सड्यावर चढायचे नाही, एवढे पथ्य ज्याला पाळवत नाही त्याने जीप बाळगू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

असो. आम्ही आमचे पाटे पुन्हा खाली घेतले. गाडीत आता एक वही असते. कोणता भाग कधी बदलला, का बदलला, मूळचा कुठे ठेवला आहे, हे तीत लिहिलेले असते. काढलेले भाग ग्रीस लावून गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवले आहेत, कारण असे सुटे भाग आता दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालले आहेत. ते वृद्ध मिस्त्री आता गॅरेजमध्ये फारसे येत नाहीत. त्यांनी सांगितलेले बरेचसे त्या वहीत उतरवून घेतले आहे, पुष्कळ राहूनही गेले आहे. ही गाडी आमच्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याला निदान एवढे कळावे, की तिच्यात आम्ही काय केले आणि त्यातले काय त्याला नको असेल तर काढून टाकता येईल.