विश्लेषण : रग्बीतल्या छोट्या संघांना हक्काची स्पर्धा मिळाली, पण वरचा दरवाजा २०३० पर्यंत बंदच!

रग्बीच्या जगात २०२६ पासून मोठा बदल होतोय. आघाडीच्या १२ देशांची 'नेशन्स चॅम्पियनशिप' आणि त्याखालच्या १२ देशांचा 'नेशन्स कप', अशा दोन पातळ्या झाल्या आहेत. या २४ संघांत भारत नाही. पण क्रिकेटमध्ये नेपाळ, नेदरलँड्ससारख्या संघांची धडपड पाहणाऱ्यांना हा विषय लगेच कळेल. छोट्या संघानं मोठं व्हायचं तर कसं, हाच खरा प्रश्न आहे.

काय आहे हा खेळ?

रग्बी युनियनमध्ये दोन्हीकडे १५-१५ खेळाडू असतात. चेंडू अंडाकृती असतो आणि सामना ८० मिनिटांचा. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी पकड करून पाडायचं. कबड्डी खेळलेल्या माणसाला यातली ताकद आणि चपळाई समजावून सांगावी लागत नाही.

उरुग्वेची गोष्ट

उरुग्वे हा दक्षिण अमेरिकेतला देश. लोकसंख्या साधारण ३५ लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. २०१५ च्या विश्वचषकात हा संघ चारही सामने हरला. फिजीनं त्यांना ४७-१५ असं धुतलं होतं.

त्याआधी २००६ पासून जागतिक संघटनेनं उदयोन्मुख संघांसाठी 'नेशन्स कप' नावाचीच एक स्पर्धा सुरू केली होती. पहिली पोर्तुगालमध्ये लिस्बनला झाली, पुढे बरीच वर्षं रुमेनियात बुखारेस्टला. २०१७ पासून ती उरुग्वेत माँटेव्हिडिओला भरू लागली. घरच्या मैदानावर उरुग्वेनं २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं ती जिंकली.

त्याच २०१९ च्या २५ सप्टेंबरला जपानमधल्या कामाइशी शहरात विश्वचषकाचा सामना झाला. समोर पुन्हा फिजी. निकाल : उरुग्वे ३०, फिजी २७!

ही करामत एकट्या त्या स्पर्धेची नव्हती. देशात सरावाची सोय सुधारली, खेळाडूंना मानधन मिळू लागलं. पण तालमीत कितीही घाम गाळला, तरी आखाड्यात तोलामोलाची जोड मिळाल्याशिवाय पैलवान घडत नाही. ती जोड या स्पर्धेनं दिली. २०१९ नंतर मात्र ती थांबली.

मग आता अडचण काय?

आता नेशन्स कप नव्या रूपात परत आलाय. उरुग्वे, जॉर्जिया, पोर्तुगालसारख्या संघांना ठरलेले सामने मिळतील, ही जमेची बाजू. २०२७ च्या ऑस्ट्रेलियातल्या विश्वचषकातही २० ऐवजी २४ संघ खेळणार आहेत.

खरी मेख पुढे आहे. खालच्या गटातून वर जाण्याची सोय २०३० पासूनच आहे. तोपर्यंत नेशन्स कप जिंकला तरी संघ आहे तिथंच राहणार. जॉर्जियानं २०२२ मध्ये इटलीला २८-१९ आणि वेल्सला त्यांच्याच घरी कार्डिफमध्ये १३-१२ असं हरवलं. तरी इटली आणि वेल्स वर, जॉर्जिया खाली. पोर्तुगालनं २०२३ च्या विश्वचषकात फिजीवर २४-२३ अशी मात केली. पण फिजी वर, पोर्तुगाल खाली.

फिजीची जागा फुकटची नाही, हेही खरं. त्यांनी २०२३ मध्ये इंग्लंडला लंडनमध्ये लोळवलंय. पण मोठ्या देशांशी सामने म्हणजे गर्दी, टीव्हीचे हक्क आणि पैसा. वरच्यांना तो मिळणार आणि खालच्यांना वाट पाहावी लागणार. खेळाडूचं उमेदीचं वय मात्र कुणासाठी थांबत नाही. आज २८-२९ वर्षांच्या जॉर्जियन खेळाडूसाठी २०३० म्हणजे कारकिर्दीची अखेर.

पुढं काय?

छोट्या संघांना सामने मिळाले, हे चांगलंच झालं. पण जिंकणाऱ्याला वर चढायला शिडी हवी. ती २०३० मध्ये खरंच लागते की पुन्हा तारीख पुढं जाते, यावरच या बदलाचं यश ठरेल.