एका दिवसाच्या तिकिटाची किंमत

२०२५ च्या ज्युबिली वर्षात रोमला जाऊन आलेल्या आपल्यातील एका कुटुंबाने मला दोन तिकिटे दाखवली. एक होते रोमहून फ्लॉरेन्सला एका दिवसात जाऊन येण्याचे, वेगवान गाडीचे. दुसरे होते रोमहून असिसीचे, साध्या प्रादेशिक गाडीचे. पहिल्या तिकिटाचे कौतुक त्यांच्या तोंडून सरत नव्हते. दोन महिने आधी संगणकावर काढले म्हणून ते स्वस्तात मिळाले. त्याच गाडीत शेजारी बसलेल्या माणसाने आदल्या दिवशी काढले, तर त्याला कितीतरी पट अधिक मोजावे लागले. “आपल्याकडे अशी शिस्त कधी येणार?” असा प्रश्न त्यांनी मला विचारला. दुसऱ्या तिकिटाबद्दल मात्र त्यांना सांगण्यासारखे काही वाटले नाही. ते म्हणाले, “ते काय, खिडकीवर गेलो, पैसे दिले, बसलो.”

वाचकहो, त्या कुटुंबाने चुकीच्या तिकिटाचे कौतुक केले, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. आणि ही चूक त्यांची एकट्याची नाही. आपले राज्यकर्ते, आपली वृत्तपत्रे आणि आपण सुशिक्षित प्रवासी असे सारेच ती चूक गेली कित्येक वर्षे करीत आहोत.

आधी तिकडची व्यवस्था समजून घेऊ. इटलीत रेल्वेचे दोन संसार आहेत. एक वेगवान गाड्यांचा. त्यात सरकारी कंपनीच्या गाड्या आहेत आणि २०१२ पासून धावणाऱ्या खासगी कंपनीच्याही आहेत. तेथे तिकिटाचा भाव बाजारातल्या भाजीसारखा चढतो-उतरतो. लवकर येणाऱ्याला स्वस्त, उशिरा येणाऱ्याला महाग. आणि सर्वांत स्वस्त तिकीट रद्द केले तर बहुधा पैसे परत नाहीत. दुसरा संसार प्रादेशिक गाड्यांचा. तेथे दर अंतरावर ठरतो. महिनाभर आधी काढा की गाडी सुटण्यापूर्वी पाच मिनिटे काढा, भाव तोच. जागा राखून ठेवण्याची गरज नाही आणि त्याचे शुल्कही नाही. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी स्थानकावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा, नाहीतर दंड, एवढाच काय तो नियम. असिसीचे स्थानक मूळ गावाच्या खाली काही किलोमीटरवर, पोर्झियुन्कोला ज्या महामंदिरात जपली आहे त्या वस्तीत आहे. तेथून बसने वर जायचे. रोमहून सकाळी निघालेले कुटुंब संत फ्रान्सिस आणि संत कार्लो अक्युटिस यांच्या कबरींपाशी प्रार्थना करून रात्रीच्या जेवणाला रोमला परत येऊ शकते. त्यासाठी दोन महिने आधी कोणालाही काही ठरवावे लागत नाही.

या दोन तिकिटांतला खरा भेद वेगाचा नाही. पहिले तिकीट ज्याला आपले उद्याचे आयुष्य आज ठाऊक आहे त्याच्यासाठी आहे. दुसरे, ज्याला ते ठाऊक नाही त्याच्यासाठी आहे.

आता सोलापूरला येऊ. एका दिवसाच्या सहलीसाठी सोलापूरहून कोण निघते? चैनीसाठी निघणारे थोडे. विजापूरचा गोल घुमट पाहायला किंवा पंढरपूरला जाऊन येणारे असतात, आणि त्यांनी जावेही. पण पहाटे स्थानकावर उभ्या असलेल्या रांगेकडे पाहा. पुण्याच्या ससूनमध्ये दाखल असलेल्या भावाला डबा नेणारी बहीण असते. मुलाखतीचे पत्र तीन दिवसांपूर्वी हाती पडलेला पदवीधर असतो. लेकीच्या परिचारिका-प्रशिक्षणाची फी भरायला निघालेली विडी कामगार असते. यंत्रमागाच्या कारखान्यात एका दिवसाची मजुरी बुडवून न्यायालयाच्या तारखेला निघालेला कामगार असतो. पुण्यात मुक्काम करणे यांतल्या कोणालाच परवडत नाही, म्हणूनच तर सकाळी जाऊन रात्री परतायचे असते. एक दिवसाचा प्रवास हा गरिबाचा प्रवास आहे.

सोलापूरला रेल्वे १८६० साली आली. तेव्हापासून हे शहर पुण्याशी रुळांनी बांधलेले आहे. २००१ साली सुरू झालेल्या सोलापूर-पुणे इंटरसिटीला ‘हुतात्मा एक्स्प्रेस’ हे नाव मिळाले ते आपल्या चार हुतात्म्यांवरून. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सकाळी निघून पुण्यात दिवसाचे काम आटोपावे आणि संध्याकाळच्या गाडीने रात्री घरी यावे, ही सोय या गाडीने केली. दुसऱ्या वर्गात बसून जाण्याचे भाडे शे-सव्वाशे रुपयांच्या घरात. अडीचशेहून अधिक किलोमीटरसाठी हे भाडे महाग आहे असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार भाड्याविषयी नाही. ते तिकीट हाती पडेपर्यंत जे घडते त्याविषयी आहे.

त्या शे-सव्वाशेत पंधरा रुपये आरक्षणाचे आणि पंधरा रुपये अतिजलद गाडीचे असतात. तिकीट घरबसल्या काढले तर वातानुकूलित नसलेल्या वर्गासाठी पंधरा रुपये सोयीचे शुल्क, फोनवरून थेट बँकेतून पैसे दिले तर दहा, आणि त्यावर कर. हे शुल्क तिकिटामागे आहे, माणसामागे नाही. म्हणजे सहा जणांच्या कुटुंबाला जेवढे, तेवढेच एकट्या म्हातारीला. बेत बदलला आणि निश्चित झालेले तिकीट रद्द केले, तर दुसऱ्या वर्गात माणशी किमान साठ रुपये कापले जातात. अडीच हजारांच्या तिकिटावर साठ रुपये म्हणजे किरकोळ. शंभराच्या तिकिटावर साठ रुपये म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम गेली. नियम सर्वांना सारखा दिसतो, पण मार बसतो तो सर्वांत स्वस्त तिकीट काढणाऱ्याला. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. तिच्याकडून वर शुल्क घेण्याची कल्पना मात्र आपल्याच काळाला सुचली.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. हा बदल चांगलाच झाला. पण साठ दिवस तरी कोणाच्या हाती असतात? आजार साठ दिवस आधी कळवून येत नाही. ज्यांना सुट्टीचे वेळापत्रक वर्षाच्या आरंभी मिळते त्यांच्यासाठी ही व्यवस्था उत्तम; ज्यांना उद्या काम मिळेल की नाही हे आज रात्री कळते, त्यांच्या वाट्याला प्रतीक्षायादी येते.

माझाच अनुभव सांगतो. पत्नीच्या तपासणीसाठी पुण्याच्या डॉक्टरांनी दोन दिवसांनंतरची वेळ दिली. आरक्षण संपलेले होते. एका तिकीट दलालाकडे गेलो, तर त्याने भाड्याच्या दुपटीहून अधिक रक्कम सांगितली, तीही अशा सुरात की जणू उपकारच करतो आहे. मी नको म्हटले, आणि आम्ही अनारक्षित डब्यात चढलो. कुर्डुवाडीपर्यंत ती साठीची बाई उभी होती. तेथे एका ऊसतोड कुटुंबाने सरकून तिला जागा दिली. त्या डब्यात कोणीही आमची नावे विचारली नाहीत की ओळखपत्र मागितले नाही. गर्दी होती, पण माणुसकी होती. तरीही मला प्रश्न पडतो, की माणुसकीच्या भरवशावर रेल्वेने किती दिवस गाडी चालवायची?

१० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडीला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. त्या दिवशी शहराला आनंद झाला, मलाही झाला. वेगवान, स्वच्छ, वातानुकूलित गाडी सोलापूरला का नको? ती हवीच. परंतु सोलापूर ते मुंबई तिचे खुर्चीचे भाडे सुरुवातीलाच सुमारे हजार रुपये होते, जेवण घेतले तर त्याहून अधिक. चौघांचे कुटुंब जाऊन आले तर आठ हजार. सोलापूरच्या विडी कामगार बाईच्या घरात एवढे पैसे एका दिवसाच्या प्रवासासाठी निघतील का? नव्या गाडीचा सत्कार करणाऱ्या मंडळींनी त्याच दिवशी जुन्या गाडीला आणखी दोन साधे डबे मागितले असते, तर त्या हारांना अर्थ आला असता.

त्याआधीच्या काही वर्षांत तर उलटेच घडले. कोरोनाच्या काळात देशभर साध्या पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ झाल्या आणि किमान भाडे दहा रुपयांवरून तीस रुपयांवर गेले. साथ ओसरली, तरी ते भाडे फेब्रुवारी २०२४ पर्यंत खाली आले नाही. दूध आणि भाजी घेऊन शेजारच्या स्थानकावर जाणाऱ्या माणसाने तेवढा काळ तिप्पट भाडे भरले. २० मार्च २०२० रोजी ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली. अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना निम्मी आणि साठीपुढच्या पुरुषांना चाळीस टक्के सूट मिळत असे. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने २०२२ मध्ये, निदान शयनयान आणि वातानुकूलित तिसऱ्या वर्गात तरी सवलतीचा पुनर्विचार करावा असे सुचवले. तो विचार अजून चालूच आहे! तिकडे आपल्या राज्याच्या एसटीने ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला आणि मार्च २०२३ मध्ये सर्व स्त्रियांना निम्मे भाडे केले. कर्जात बुडालेल्या एसटीला जे सुचले, ते रेल्वेला का सुचू नये?

यावर जी उत्तरे मिळतात ती मला पाठ झाली आहेत. पहिले उत्तर असे, की रेल्वे प्रवाशांच्या पायी तोट्यात आहे. तिकिटावरच छापलेले असते, की प्रवासखर्चापैकी सरासरी सत्तावन्न टक्केच भाड्यातून वसूल होतात. हिशेब खरा मानू. पण रस्त्याच्या पाटीवर किंवा शाळेच्या दाखल्यावर सरकारने असा हिशेब कधी छापला आहे का? लोकांच्याच करातून उभ्या राहिलेल्या सेवेच्या तिकिटावर लोकांना उपकाराची आठवण करून देणे हा यजमानपणाचा रीतिभंग आहे. शिवाय सरासरीच्या आड बरेच काही दडते. दाटीवाटीने भरलेल्या साध्या डब्यातला माणूस रेल्वेला जेवढा खर्च घालतो, त्याच्याशी वातानुकूलित डब्यातल्या ऐसपैस जागेची बरोबरी कशी होईल?

दुसरे उत्तर, ज्यांना आरक्षण परवडत नाही त्यांना अनारक्षित डबा आहेच. तो आहे, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. तेथे इटलीच्या प्रादेशिक गाडीचेच तत्त्व चालते: ठरलेला दर, ऐनवेळी तिकीट, आणि दोनशे किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला ते तीन दिवस आधीही काढता येते. म्हणजे तत्त्व आपल्याकडेच आहे, ते परदेशातून आणायला नको. पण तत्त्व आहे आणि डबे नाहीत, अशी आपली स्थिती. जेवणाचे आमंत्रण शंभरांना आणि पाने वीसच मांडायची, याला पाहुणचार म्हणत नाहीत.

तिसरे उत्तर सर्वांत सुशिक्षित आहे: मागणीप्रमाणे भाव हाच आधुनिक मार्ग. तो प्रयोग आपल्याकडे झाला आहे. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांत दहा टक्के जागा भरल्या की दहा टक्के भाडे वाढवायचे, अशी पद्धत आली. महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की उत्पन्न वाढले पण प्रवासी घटले. श्रीमंतांच्या गाड्यांत हे चालू द्या. सोलापूर-पुण्याच्या साध्या खुर्चीवर हे वारे कधी येऊ नये, यासाठी आजच बोलले पाहिजे.

महात्मा गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या हालांवर १९१७ साली लिहिले. १९७४ साली तिसरा वर्ग कागदावरून गेला. आपल्या कोकणचे प्रतिनिधी मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी बसवली. दोन इंचांची ती गादी. पण साध्या प्रवाशाचे अंगही दुखते हे एका मंत्र्याला कळले होते, याची ती साक्ष आहे.

शेवटी आपल्याविषयी. आपल्यापैकी ज्यांची मुले नोकरीला लागली ते साध्या डब्यातून उतरले, आणि उतरल्यावर त्यांनी त्या डब्याविषयी बोलणेही सोडले. ज्याची जळते त्याला कळते. पण ज्याची जळते त्याला अर्ज लिहायला सवड नसते. ज्यांना सवड आहे त्यांनी लिहावे. सोलापूर विभागाची रेल्वे उपभोक्ता सल्लागार समिती आहे, खासदार आहेत, विभागीय व्यवस्थापकांचे कार्यालय आपल्याच शहरात आहे. मागण्या चारच असू द्या. पुण्याला दिवसा जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना साधे डबे वाढवा. तीनशे किलोमीटरच्या आतील दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर सोयीचे शुल्क घेऊ नका. रद्द करण्याचा आकार भाड्याच्या प्रमाणात ठेवा. ज्येष्ठांची सवलत निदान दुसऱ्या वर्गात परत द्या.

रोमहून आलेल्या त्या कुटुंबाला मी हा अर्ज दाखवला. घरच्या कर्त्या पुरुषाने तो दोनदा वाचला आणि पहिली सही केली. पुढच्या रविवारी तो कागद चर्चच्या दाराशी टेबलावर ठेवणार आहे.