पानं उलटायला लावणारे

मराठी समीक्षेला बाबूराव अर्नाळकरांचं काय करायचं, हे कधी कळलंच नाही. वाचकांना मात्र नेमकं ठाऊक होतं: नवं पुस्तक आलं की वाचनालयात नंबर लावायचा.

मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६-१९९६). नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा. हिशेब करून पाहा: सलग पन्नास वर्षं लिहिलं, तरी वर्षाला वीस पुस्तकं. एवढं लिहिणाऱ्याला स्फूर्तीची वाट बघत बसणं परवडत नाही. धनंजय-छोटू, झुंजार, काळा पहाड ही पात्रं पुन्हा पुन्हा यायची ती केवळ लेखकाच्या सोयीसाठी नव्हे. वाचक त्यांची वाट पाहत, नव्या पुस्तकात ती ओळखीची माणसं शोधत. पुस्तक विकत घेणारे थोडे, वर्गणी भरून वाचणारे फार. एकच प्रत शेकडो हातांतून फिरे, कोपरे दुमडलेली, पाठ उसवलेली. (शेवटचं पान फाडून नेणाऱ्यांना काय शिक्षा द्यावी, हे काळ्या पहाडालाच विचारायला हवं.)

हजारांतलं सगळंच चांगलं होतं, असा दावा कुणी करू नये. पण अक्षरओळख झालेल्या मुलाला वाचनाचं व्यसन लावणं हे मोठं काम आहे, आणि ते पुरस्कारविजेत्या कादंबऱ्यांपेक्षा या पुस्तकांनी अधिक केलं, असं माझं मत आहे.

या अंकात रहस्यकथा लिहिणारे आजचे लेखक आपल्या रोजच्या कामाबद्दल आणि वाचकांच्या पत्रांबद्दल बोलले आहेत. खुनी कोण, ते मात्र एकानेही सांगितलेलं नाही.