घोड्याचा ताप

घोडा आडवा पडला, की त्याचे वजनच त्याच्या जिवावर उठते. २०२१च्या फेब्रुवारीत स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात, अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धांसाठी जमलेल्या घोड्यांवर ही पाळी आली. आधी ताप, मग मागचे पाय लटपटणे, लघवीवरचा ताबा सुटणे. काहींना पोटाखालून पट्टे बांधून उभे ठेवावे लागले.

ईएचव्ही-१ हा त्यामागचा विषाणू. आपल्या कांजिण्यांच्या विषाणूचा हा भाऊबंद, आणि खोडही तीच: एकदा शिरला की अंगात दडून बसतो, ताण पडला की डोके वर काढतो. बारीक रक्तवाहिन्यांना इजा होऊन मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडला, की पाय जातात. लस आहे, पण या प्रकारापुढे तिचा भरवसा नाही. युरोपात या साथीत १८ घोडे दगावले.

मला खटकते ते वेगळेच. ‘विलगीकरण’ हा शब्द तेव्हा पोरासोरांच्याही तोंडी होता. तरी तिथून निघालेल्या घोड्यांबरोबर विषाणू इतर देशांत पोहोचला. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने युरोपच्या मुख्य भूमीवरील स्पर्धा एप्रिलपर्यंत थांबवल्या. पुन्हा सुरू करताना चाचण्या आणि तापाच्या नोंदी सक्तीच्या झाल्या. ठीकच. पण घोड्याला ताप आहे असे मालकाने आपणहून सांगायचे, म्हणजे हातातली स्पर्धा सोडायची. एवढा खर्च करून आलेला माणूस ते सहज सांगेल? माझ्या मते थर्मामीटर स्पर्धेच्या पशुवैद्याने स्वतः लावावा, आणि ताप लपवला नाही त्या मालकाला प्रवेशशुल्क परत द्यावे.